इंजिन तापलं की गाडी बंद, निवलं की परत सुरू: जुन्या इग्निशनचा दोष पकडायचा कसा

गाडी सकाळी एका झटक्यात सुरू होते आणि छान पळते. इंजिन पुरतं तापलं की मात्र अचानक बंद. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. मग प्लग बदलले जातात, पॉइंट बदलले जातात, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल बदलली जाते. थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. जुनी पेट्रोल गाडी जपणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे कधी ना कधी येतं. लांबच्या रस्त्याला न्यायची भीती बसली की गाडी झाकून ठेवली जाते, आणि झाकून ठेवलेली जुनी गाडी हळूहळू संपते. हा दोष घरच्या घरी, मोजक्या साधनांनी शोधता येतो. म्हणून सविस्तर लिहितो आहे. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि सीबी पॉइंट असलेली बारा व्होल्टची गाडी इथे धरली आहे. डिस्ट्रिब्युटर म्हणजे ठिणगीचा करंट पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग, आणि सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट म्हणजे त्याच्या आत उघडझाप करून कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं.

दोष परत परत येण्यामागे माझ्या मते दोन मोठी कारणं असतात. एक म्हणजे तपासणी होते ती गाडी निवल्यावर, दोष गायब असताना. थंड कॉइल आणि थंड कंडेन्सर (पॉइंटना जोडलेला, त्यांच्यावर आग धरू न देणारा छोटा भाग) मीटरवर अगदी निरोगी दिसतात. दुसरं, जो भाग जळालेला सापडतो तो बहुधा दुसऱ्याच कशामुळे तरी जळालेला असतो. पॉइंट काळे पडले म्हणून नवे बसवले, पण ते काळे का पडले हे कोणी विचारलं नाही, तर नवेही त्याच वाटेने जाणार.

आधी करंट गेला की पेट्रोल, ते ठरवा

गाडी कशी बंद पडली ते आठवा. किल्ली फिरवून बंद करावी तशी क्षणात गप्प झाली असेल, तर संशय इग्निशनवर. आचके देत, दम लागल्यासारखी, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की थोडी सावरत मग बंद पडली असेल, तर आधी पेट्रोल पाहा. आरपीएमचा काटा कॉइलच्या मायनसवरून चालणारा असेल तर तोही साक्षीदार आहे. गिअरमध्ये गाडी अजून ढकलली जात असताना काटा एकदम शून्यावर आला, तर प्रायमरी सर्किटच, म्हणजे बॅटरीकडून कॉइल आणि पॉइंटमधून जाणारी कमी व्होल्टेजची वाटच, तुटली असं समजा. पेट्रोलची खात्री करायला एअर फिल्टर काढून, इंजिन बंद ठेवून, कार्बोरेटरच्या घशात पाहत थ्रॉटल उघडा. पेट्रोलची बारीक चिळकांडी दिसली तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे. अ‍ॅक्सिलरेटर पंप नसलेल्या कार्बोरेटरवर मात्र ही खूण मिळणार नाही. ठिणगीची तपासणी यानंतर करा, तीही एअर फिल्टर परत बसवून आणि सांडलेलं पेट्रोल पूर्ण उडून गेल्यावर.

उन्हात पेट्रोलच्या पाइपमध्ये वाफ धरली तरी लक्षणं अशीच दिसतात. गाडी बंद पडल्यावर ओलं फडकं फक्त पेट्रोल पंपावर ठेवून पाहा. पुढच्या वेळी ते फक्त कॉइलच्या अंगावर गुंडाळा, पण वरच्या जाड वायरच्या तोंडापासून पाणी लांब ठेवा. ज्या फडक्याने गाडी लवकर सुरू होते तिकडे बोट जातं. दोन्ही एकदम केलंत तर हाती काहीच लागणार नाही.

ठिणगी पाहण्याचा नेम

डिकीत एवढं सामान कायम ठेवा: छोटा टेस्ट लॅम्प, मल्टीमीटर, एक जादा प्लग, क्लिप लावलेल्या दोन-तीन वायर, फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), आणि नक्की चांगला असल्याची खात्री असलेला एक कंडेन्सर. शेवटची वस्तू सगळ्यांत महत्त्वाची. चालू गाडीतून काढलेला, काम करत असलेला जुना कंडेन्सर फेकू नका. पाकिटातल्या कोऱ्यापेक्षा तो जास्त भरवशाचा असतो.

गाडी बंद पडली की पहिल्या पाच-दहा मिनिटांतच तपासायचं. कॉइलमधून डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मधोमध जाणारी जाड वायर कॅपमधून काढा, तिला जादा प्लग जोडा आणि प्लगचं लोखंडी अंग इंजिनच्या उघड्या धातूला क्लिपने घट्ट लावा. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ती वायर हातात धरू नका. जुन्या सिस्टिममध्येही तिथे पंधरा ते पंचवीस हजार व्होल्ट येतात, आणि हृदयाला पेसमेकर असलेल्या माणसाने तर या कामापासून दूरच राहावं. वायर अधांतरी सोडून सेल्फ मारणंही वाईट. जायला जागा न मिळालेला व्होल्टेज कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडतो.

निळसर, जाडसर, टचटच आवाज करणारी ठिणगी आली तर कॉइलपर्यंतचं सगळं ठीक आहे आणि दोष डिस्ट्रिब्युटरची कॅप, तिच्या आत फिरून करंट वाटणारा रोटर, लीड (प्लगला जाणाऱ्या जाड वायर) किंवा प्लगमध्ये आहे. बारीक, पिवळट-नारिंगी आली किंवा आलीच नाही, तर मागे प्रायमरी बाजूला वळा. या एका चाचणीने अर्धी गाडी संशयातून सुटते.

कॉइलपर्यंत येणारा करंट

चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी-कॉइल इग्निशन १९१० च्या सुमाराला कॅडिलॅकमध्ये आली आणि पुढची साठेक वर्षं बहुतेक गाड्या त्याच मांडणीवर चालल्या. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्रायमरीतून करंट वाहतो. पॉइंट उघडले की तो तुटतो आणि सेकंडरीत, म्हणजे कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत, हजारो व्होल्ट उभे राहतात. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर असताना पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात. इतक्या वेगाने उघडणाऱ्या टोकांवर आग धरू नये आणि करंट झटक्यात तुटावा, यासाठी कंडेन्सर असतो.

किल्ली चालू करून टेस्ट लॅम्प कॉइलच्या प्लस आणि इंजिनच्या धातूमध्ये लावा. दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर किल्लीचा स्विच, फ्यूज, मधले जोड किंवा, गाडीत असेल तर, बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारा करंट कमी करणारा अडथळा) पाहा. आता लॅम्प मायनसवर न्या आणि सेल्फ मारा. दिवा लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करत आहेत. सतत पेटून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, त्यांच्यावर गंज किंवा तेल आहे, किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली वायर तुटली आहे. मुळीच पेटला नाही तर पॉइंट उघडत नाहीत, वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे, कंडेन्सर आतून शॉर्ट झाला आहे, किंवा कॉइलची प्रायमरीच तुटली आहे. जुन्या कॉइलवर प्लस-मायनसऐवजी एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं असतं. एसडब्ल्यू म्हणजे स्विचची बाजू, सीबी म्हणजे पॉइंटची. १९६० च्या दशकापर्यंत कित्येक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस अर्थ केलेला, म्हणजे बॉडीला जोडलेला असे, तिथे प्लस-मायनस उलटे समजा. अशी गाडी नंतर कोणी निगेटिव्ह अर्थ केली असेल तर कॉइलच्या वायर अदलाबदल केल्या आहेत का, तेही पाहा. उलट्या जोडलेल्या कॉइलवर गाडी चालते, पण ठिणगी पडायला बरंच जास्त व्होल्टेज लागतं, आणि पहिला त्रास दिसतो तो तापलेल्या, ओढ घेणाऱ्या इंजिनात.

डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या वायरबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण हा दोष फार वेळा हुकतो. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (इंजिनच्या हवेच्या ओढीने ठिणगीची वेळ पुढे नेणारी सोय) असलेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटची प्लेट सतत थोडी मागेपुढे फिरते. तिच्यासोबत पॉइंटला येणारी पातळ वायर आणि प्लेटला बॉडीशी जोडणारी विणलेली अर्थची वायर, दोन्ही वाकत राहतात. वरचं कापड किंवा रबर शाबूत दिसतं, आतली तांब्याची तार तुटलेली असते. प्लेट एका जागी असली की टोकं टेकतात, हलली की सुटतात. बाहेरून पाहून हे कळत नाही. मीटर लावून, व्हॅक्यूमच्या नळीतून तोंडाने हवा ओढून प्लेट हलवा आणि आकडा उड्या मारतो का ते बघा. हवा ओढूनही प्लेट जागची हलत नसेल तर बहुधा आतला डायफ्रॅम (ओढीने हलणारा पडदा) फाटला आहे, तो वेगळा खर्च.

आता माझी सगळ्यांत आवडती मोजणी. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, पॉइंट मिटलेले, किल्ली चालू. एक टोक कॉइलच्या मायनसवर, दुसरं बॅटरीच्या अर्थच्या खांबावर. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर करंटच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. एक टोक बॅटरीवर तसंच ठेवून दुसरं टोक एकेक पायरी पुढे न्या: पॉइंटची प्लेट, डिस्ट्रिब्युटरची बॉडी, इंजिनचा ब्लॉक. जिथे आकडा एकदम पडतो, त्याच्या अलीकडचा जोड खराब. पॉइंट बदलल्यावर गाडी थोडे दिवस बरी चालते आणि मग पुन्हा कुरकुरते, यामागे पुष्कळदा सैल झालेली इंजिनची अर्थ वायर निघते. हे काम फुकटचं आहे, तरी सर्वांत शेवटी केलं जातं याचं वाईट वाटतं.

पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्लसवरही मोजा. बॅलास्ट नसलेल्या गाडीत बॅटरीइतकाच व्होल्टेज हवा, फार तर थोडा कमी. बॅलास्ट असेल तर साधारण सहा ते नऊ व्होल्ट.

बॅलास्टचं एक लक्षण अगदी ठळक आहे: सेल्फ मारताना इंजिन पेटतं आणि किल्ली सोडली की लगेच बंद. सेल्फच्या वेळी करंट बॅलास्टला वळसा घालून सरळ कॉइलला जातो, किल्ली सोडल्यावर बॅलास्टमधून. बॅलास्ट किंवा त्याच्या जागी असलेली रेझिस्टन्स वायर तुटली की हे घडतं.

कंडेन्सर आणि कॉइल, तापल्यावरच

तापून बंद पडणाऱ्या गाडीत हे दोघे पहिले संशयित. कंडेन्सरची परीक्षा अदलाबदलीने करा. डिस्ट्रिब्युटरच्या आतला कंडेन्सर काढायची रस्त्यावर गरज नाही, फक्त त्याची वायर सोडवा. शॉर्ट झालेला कंडेन्सर जोडलेला राहिला तर चाचणी खोटी ठरते. खात्रीचा कंडेन्सर बाहेरून कॉइलच्या मायनसवर जोडा आणि त्याचं अंग इंजिनच्या धातूला क्लिपने लावा. गाडी लगेच पेटली तर दोष सापडला, आणि तशीच हळूहळू घरीही जाता येतं. मीटरवर कंडेन्सर साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड दाखवतो. पण मीटर जेमतेम काही व्होल्टवर मोजतो, आणि चालत्या गाडीत कंडेन्सरवर दोन-तीनशे व्होल्ट येतात. म्हणून मीटरवर पास झालेल्या कंडेन्सरवर मी विश्वास ठेवत नाही.

कॉइल गरम लागते हे तिचं काम आहे. हात टेकवत नसेल इतकी पोळत असेल तर मात्र कारण शोधा. बॅलास्ट नसलेल्या कॉइलची प्रायमरी साधारण ३ ओहम असते, बॅलास्टसोबत लावायच्या कॉइलची साधारण १.५ ओहम. सेकंडरी काही हजार ओहम. वायर सोडवून कॉइल थंड असताना एकदा मोजा आणि आकडे लिहून ठेवा, मग गाडी बंद पडली की पुन्हा मोजा. गरम झाल्यावर थोडी वाढ होणारच. आकडा अनंतावर गेला किंवा निम्म्यावर आला तर कॉइल गेली. मोजण्याआधी मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून त्याचा स्वतःचा आकडा वजा करायला विसरू नका, इतक्या कमी ओहमला तो फरक पाडतो.

वारंवार पॉइंट जळणाऱ्या गाड्यांची खरी गोष्ट इथेच आहे. १.५ ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय बसवली की पॉइंटमधून चारऐवजी आठ अँपिअर जायला लागतात. पहिले काही आठवडे ठिणगी झकास, गाडी खूश. मग पॉइंट निळे-काळे, कॉइल तापलेली. नवे पॉइंट, पुन्हा तेच. उलट, बॅलास्टच्या गाडीत ३ ओहमची कॉइल टाकली तर ठिणगी मरगळते. जुन्या गाडीत आधी कोणी काय बदललं याचा भरवसा नसतो. म्हणून कॉइल विकत घेण्याआधी गाडीत बॅलास्ट आहे की नाही ते वायर हाताने मागे नेत बघा. चार्जिंगचा व्होल्टेजही एकदा मोजा. रेग्युलेटर बिघडून तो १५ च्या वर जात असेल तर पॉइंट, बल्ब आणि बॅटरी तिघांनाही भोगावं लागतं.

आणखी एक सवय सोडा: इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवून गाणी ऐकणं. पॉइंट मिटलेले असतील तर तेवढा वेळ कॉइल भाजत असते.

कॅप, रोटर आणि लीड

कॉइलची ठिणगी उत्तम, पण प्लगपर्यंत काही पोचत नाही, तेव्हा रोटरपासून सुरुवात करा. कॅप काढा, कॉइलची जाड वायर इन्सुलेटेड पकडीने रोटरच्या मधल्या पितळी पट्टीवर तीनेक मिलिमीटर अंतरावर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. तिथे ठिणग्यांचा पाऊस पडला तर रोटर आतून खाली शाफ्टला करंट गळवतो आहे. चांगल्या रोटरची पट्टी बॉडीला कुठेच जोडलेली नसते, त्यामुळे ठिणगी पडायला नको. एखादी पुसट ठिणगी दिसली तर ती सोडून द्या. पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेले काही नवे रोटर याच जागी फुटतात. जुना, जाड बेकलाइटचा, रिव्हेट नसलेला मिळाला तर तोच घ्या.

कॅपच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर कॅप बदलाच. घासून ती जागा बरी होत नाही. मधला कार्बन स्प्रिंगवर खालीवर होतो ना, ते बोटाने दाबून पाहा. रात्री अंधारात, चालू इंजिनच्या लीडवर पाण्याचा हलका फवारा मारला की गळणाऱ्या जागा निळ्या चमकतात. हात आणि बाह्या पंख्यापासून लांब ठेवा. लीड एकेक करूनच काढा, म्हणजे फायरिंग ऑर्डरचा (सिलिंडर पेटण्याच्या क्रमाचा) घोळ होणार नाही. प्लगचा गॅप पॉइंटच्या गाडीत बहुधा ०.६ ते ०.७ मिमी असतो.

पॉइंट बसवणे

नव्या पॉइंटच्या टोकांना गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो. तो पुसा आणि टोकांमध्ये स्वच्छ कोरा कागद ओढा. स्क्रूवरचे इन्सुलेशनचे वॉशर काढताना कुठल्या क्रमाने निघाले याचा फोटो काढून ठेवा. कंडेन्सरची आणि पॉइंटची वायर स्प्रिंगला टेकली पाहिजे, मधल्या खांबाला नाही. हा एक वॉशर चुकला की ठिणगी शून्य, आणि माणूस मग चांगली कॉइल बदलत बसतो.

पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर अगदी माथ्यावर आणा आणि गॅप लावा. बऱ्याच चार सिलिंडर गाड्यांत तो ०.३५ ते ०.४० मिमी असतो, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा. स्क्रू आवळताना गॅप सरकतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. जुन्या पॉइंटवर एका बाजूला टेंगूळ आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झालेला असतो. तिथे फीलर गेज फसवतो, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) मोजणारा ड्वेल मीटर फसवत नाही. इंजिनचा वेग वाढवला की ड्वेल तीन-चार अंशांहून जास्त नाचू लागला, तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश झिजला आहे. शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहा. त्या गाडीत गॅप कितीही जीव लावून बसवा, तो टिकणार नाही.

आधी गॅप, मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. उलट करू नका, कारण गॅप बदलला की टायमिंग बदलतं. टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडतं. ड्वेल जितके अंश वाढतो, साधारण तितकेच क्रँकचे अंश. इंजिन तापतं, चढावर ओढत नाही, आणि दोष रेडिएटरवर जातो. टाच लवकर झिजण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: कॅमवर ग्रीस नाही. काडेपेटीच्या काडीच्या टोकावर राहील एवढं उष्णता सोसणारं ग्रीस पुरतं. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं आणि नवं दुखणं सुरू होतं. रोटरखालच्या फेल्टवर तेलाचा एखादा थेंब द्या, म्हणजे खालची अ‍ॅडव्हान्सची वजनं गंजून अडकणार नाहीत.

टायमिंग लाइट नसेल तरी टेस्ट लॅम्पने काम होतं. क्रँक पुलीला पाना लावून इंजिन नेहमीच्या दिशेनेच फिरवा आणि एक नंबरच्या सिलिंडरच्या काँप्रेशनवर, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या खुणेवर आणा. खूण ओलांडली तर मागे फिरवून तिथेच थांबू नका, बरंच मागे नेऊन परत पुढे आणा, म्हणजे चेनचा ढिलेपणा मोजणीत येणार नाही. लॅम्प कॉइलच्या मायनसवर लावून किल्ली चालू करा, डिस्ट्रिब्युटर सैल करून पॉइंट मिटतील इतका रोटर फिरतो त्या दिशेने वळवा, मग हळूहळू उलट दिशेने आणा. दिवा पेटला त्या क्षणी थांबा आणि आवळा.

तरीही सापडत नसेल तर

दोष कधीतरीच येतो आणि बॉनेट उघडेपर्यंत जातो, अशा गाडीत दोन लांब वायर कॉइलच्या प्लसपासून आणि अर्थपासून आत केबिनमध्ये आणा. कॉइलकडच्या टोकाला छोटा फ्यूज घाला, वायर एक्झॉस्टपासून दूर बांधा आणि मीटर शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात द्या. गाडी बंद पडताना मीटरवरचा व्होल्टेजही गेला तर किल्लीचा स्विच, त्यामागचा कनेक्टर किंवा फ्यूजचा जोड तपासा. किल्लीला जड जुडगा लटकवलेला असेल तर तो आधी काढा, स्विचचे संपर्क त्याच्या ओझ्याने झिजतात. व्होल्टेज टिकून राहिला आणि तरी इंजिन गेलं, तर दोष कॉइल, कंडेन्सर किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आत आहे, आणि पुढच्या फेरीला वायर प्लसवरून काढून मायनसवर लावा.

पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवण्याचा सल्ला सगळेच देतात. चांगला बसवला तर त्रास खरंच कमी होतो. पण त्याला कॉइलचे ठरावीक ओहम, स्वच्छ अर्थ आणि बहुतेक वेळा थेट बारा व्होल्ट लागतात. झिजलेला बुश, सैल अर्थ आणि गळका रोटर तो दुरुस्त करत नाही. वरचे दोष आधी काढा, मग हवं तर मॉड्यूल बसवा, आणि गॅप लावून तयार ठेवलेली पॉइंटची जुनी प्लेट कंडेन्सरसकट डिकीत राहू द्या.